सयाजीराव नावाचा घोडा: २८,००० गिनी, हातभर अंतर आणि आमच्या दारावरची नाल

आगरातला

आमच्या चौलच्या घराच्या चौकटीवर एक नाल ठोकलेली आहे. तशा गावात बऱ्याच घरांवर नाला दिसतात, पण त्या लोखंडी, जाड, टांग्याच्या घोड्याच्या. मे महिन्यात घर रंगवायला काढलं तेव्हा आमची नाल मी पहिल्यांदा हातात घेतली. दचकलोच, इतकी हलकी. ॲल्युमिनियमची आहे. खाऱ्या हवेनं तिच्यावर पांढरी पूड धरली होती. फडक्यानं पुसल्यावर मधली खाच दिसली, खाचेत खिळ्यांची भोकं, आणि पुढची कड झिजून सुरीसारखी झालेली.

माझे आजोबा १९४०च्या दशकात मुंबईत मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर बडोद्याच्या महाराजांचे घोडे पळायचे, त्या तबेल्यात. नाल तिथूनच आली. संध्याकाळी पडवीत सुपारी कातरत ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे. "आपला सयाजीराव विलायतेत जिंकला. केवढ्यानं? येवढ्यानं." आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात दाखवायचे. मला वाटायचं महाराज स्वतःच धावले. सयाजीराव हा घोडा होता हे कळेपर्यंत आजोबा गेले होते. तेव्हापासून या घोड्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय. मराठीत त्याच्यावर फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा.

सयाजीरावाचा जन्म १९४४चा, इंग्लंडमधला. बाप निआर्को, आई रोझी लेजंड. बापाची कीर्ती मोठी होती, पण ही गोष्ट मला आईपासून सुरू करावीशी वाटते. डिसेंबर १९४१. युद्ध ऐन भरात. न्यूमार्केटच्या लिलावात एक गाभण घोडी उभी होती. यॉर्कशायरच्या सर एरिक ओल्सन यांनी ती ३,५०० गिनींना घेतली. तीच रोझी लेजंड. पोटात निआर्कोचं शिंगरू होतं, ते १९४२मध्ये जन्मलं. त्याचं नाव दांते. ओल्सननी दांतेला वर्षाचा असताना विकायला काढलं होतं, पण मनासारखी बोली लागली नाही, म्हणून घरीच ठेवलं. त्या दांतेनं १९४५ची डर्बी जिंकली, इंग्लंडची मानाची शर्यत. तीही डोळा अधू होत चाललेला असताना. पुढे तो पूर्ण आंधळा झाला.

आता त्याच घोडीचं, त्याच बापापासूनचं दुसरं शिंगरू त्याच वर्षी लिलावात आलं. सख्खा भाऊ नुकताच डर्बी जिंकलेला. बोली चढत चढत २८,००० गिनींवर गेली. इंग्लंडमध्ये वर्षाच्या शिंगराला तोवर एवढी किंमत कुणी दिली नव्हती. ती दिली बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांनी, आणि शिंगराला आपल्या आजोबांचं नाव ठेवलं.

पुढची गोष्ट १९४७ची. तीन वर्षांच्या घोड्यांचं सगळं नशीब एका उन्हाळ्यात ठरतं. मे महिन्यात न्यूमार्केटला टू थाउजंड गिनीज, अंतर एक मैल. ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्यानं ती आठ लेंथनी, म्हणजे आठ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं, मारली, आपला सयाजीराव तिसरा. जूनमध्ये एप्सम डाउन्सला डर्बी, दीड मैल. पर्ल डायव्हर पहिला, मिगोली दुसरा, सयाजीराव पुन्हा तिसरा. पण नीट बघा, ट्यूडर मिन्स्ट्रेल आता त्याच्या मागे होता, चौथा. अंतर वाढलं की सयाजीराव पुढे सरकत होता. आयर्लंडला जाऊन त्यानं आयरिश डर्बी जिंकली. आणि सप्टेंबरात डोंकास्टरला सेंट लेजर, पावणेदोन मैलांहून थोडी जास्तच, म्हणजे सुमारे २,९०० मीटर. १७७६पासून चालत आलेली ही शर्यत, इंग्लंडच्या पाच मानाच्या शर्यतींत, म्हणजे क्लासिकमध्ये, सगळ्यात जुनी. फ्रान्सचा आर्बार बाजूला बाजू लावून आला. दोघं शेवटपर्यंत एकमेकांना सोडेनात. सयाजीराव जिंकला एका डोक्याच्या अंतरानं. आजोबांचा तो हात.

वर निसटून गेलेली तारीखही पाहा. ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला आणि पुढच्याच महिन्यात इंग्लंडच्या सर्वात जुन्या क्लासिकच्या यादीत एक मराठी नाव लागलं. आजोबा सांगत, त्या दिवशी तबेल्यात पेढे वाटले आणि घोड्यांना गूळ दिला. हा घोडा त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नाही. तरी "आपला" म्हणत.

ट्रेनर सॅम आर्मस्ट्राँग, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. ब्रिट मुंबईतही महाराजांचे घोडे चालवायचा. १९४३ची पहिली इंडियन डर्बी महालक्ष्मीला झाली, ती प्रिन्सेस ब्युटिफुल या बडोद्याच्याच घोडीनं जिंकली, वर ब्रिटच होता. तिला आजोबांनी पाणी पाजलेलं. तिचं नाव घेताना त्यांचा आवाज बदलायचा.

कुणाला घोड्यांबद्दल, रेसकोर्सबद्दल, बडोद्याबद्दल ठाऊक असेल तर लिहा.


पोफळी

काय सुंदर लिहिलंय. वाचता वाचता आमची नागावची पडवी डोळ्यांपुढे आली. दोन शंका. गिनी म्हणजे नेमके किती? आणि घोड्याला आजोबांचं नाव देणं घरात कुणाला खटकलं नसेल का? आमच्याकडे सासऱ्यांचं नाव बैलाला ठेवायचं म्हटलं तर आई जेवण सोडील.


आगरातला

पोफळीताई, गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, म्हणजे पौंडावर एक शिलिंग जास्त. न्यूमार्केटला रेसच्या घोड्यांचा लिलाव आजही गिनीतच होतो. २८,००० गिनी म्हणजे २९,४०० पौंड. तेव्हा एक रुपया दीड शिलिंगाचा, त्या हिशेबानं ३ लाख ९२ हजार रुपये. १९४५चे. चौलात तेव्हा एवढ्यात किती वाड्या आल्या असत्या याचा अंदाज तुम्हीच करा.

नावाचं म्हणाल तर त्या जगात घोड्याला नाव देणं म्हणजे मान देणं. नाव कायमचं नोंदवलं जातं, जिंकलेल्या शर्यतींच्या यादीत राहतं, नंतर वंशावळीत शेकडो घोड्यांच्या आजा-पणजाच्या रकान्यात येत राहतं. आजोबांचा शब्द सांगतो, "नाव लावलं तं त्याला शोभंल असा घोडा पायजे." नातवानं आजोबांचं नाव लावायला त्या वर्षीचं सगळ्यात महाग शिंगरू निवडलं.


विश्वामित्रीकाठ

माझं माहेर मालवण, पण तीस वर्षं बडोद्यात आहे, म्हणून राहवत नाही. घोड्याची गोष्ट छान आहे, तुमच्या आजोबांची त्याहून छान. पण ३ लाख ९२ हजार आले कुठून हेही या धाग्यावर यायला हवं.

ज्यांचं नाव घोड्याला ठेवलं त्या सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. डॉ. आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली. गावोगाव वाचनालयं काढली. एकेक रुपया मोजून खर्च करणारा राजा. आणि नातवानं गादीवर आल्यावर घोड्यांवर, तबेल्यांवर, विलायतेतल्या जागांवर जे उधळलं त्यावरून प्रजामंडळानं आवाज उठवला, खजिन्याची चौकशी झाली. १९४९मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९५१मध्ये भारत सरकारनं प्रतापसिंहरावांची मान्यताच काढून घेतली. बडोद्यातली म्हातारी माणसं अजून हे हळहळून सांगतात.

पण न्यायानं हेही सांगते की सयाजीराव विद्यापीठ १९४९ला उभं राहिलं ते याच प्रतापसिंहरावांच्या काळात, आजोबांची इच्छा म्हणून. माझी दोन्ही मुलं तिथे शिकली. माणूस एकाच रंगाचा नसतो.


आगरातला

ताई, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी ते गाळलं कारण मी मोतद्दाराच्या बाजूनं गोष्ट ऐकली. आजोबांना पगार वेळेवर मिळायचा, घोड्यांना हरभरा मिळायचा, एवढंच त्यांचं जग. पण त्या हरभऱ्याचा पैसा कुठल्या शेतातून यायचा हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो तुम्ही विचारलात हे बरं झालं. गोष्ट अर्धी राहिली असती.


तांबडी माती

मस्त लिवलंस मरे. आमच्याकडे शर्यत म्हटली की बैलगाडी. कोर्टान २०१४क बंदी घातली तेव्हा आमच्या वाडीत सुतक पडल्यासारख्या झाला, नि २०२१क परवानगी दिल्यान तेव्हा दिवाळी. घोड्याच्या शर्यतीतला माका काय कळणा नाय. पण एक सांग, बैलाक आमी खांदो बगतो, शेपटी बगतो, चाल बगतो. तुज्या आजोबान घोड्यात काय बगितल्यान?


आगरातला

हे विचारलंत ते फार बरं केलंत. आजोबा म्हणायचे, "शिंगराला काय बघतंस, त्याचे आयशीला बघ." घोडी शांत असेल, खाणारी असेल, पिलाला वेळेवर पाजणारी असेल तर शिंगरू धड निघतं. बापाचं नाव छापलेलं असतं, आईची सवय अंगात उतरते. रोझी लेजंडचं वाचलं तेव्हा मला हे आठवलं. निआर्कोची पिल्लं शेकडो झाली. पण एकाच घोडीनं त्याच्यापासून दोन क्लासिक जिंकणारे मुलगे दिले, दोघांच्या वयात दोन वर्षांचं अंतर. एकाला मनासारखी बोलीही आली नाही, दुसऱ्याला विक्रमी आली. घोडी तीच.

बाकी ते पाय बघत. पुढच्या पायाचा गुडघा ते खूर. रोज पहाटे चारला हात फिरवायचा, कुठे गरम लागतंय का. गरम लागलं की कुणाचंही ऐकायचं नाही, घोडा बाहेर काढायचा नाही.


महालक्ष्मी_गेट_२

पस्तीस वर्षं मुंबईचा सीझन बघतोय, पैसे लावणं कधीच सोडलं, आता फक्त घोडे बघायला जातो. गाव गुहागरजवळ. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई, पाऊस लागला की जुलै ते ऑक्टोबर पुणे, हे आमचं पंचांग. धाग्यातला घोडा माझ्या आवडीचा आहे, म्हणून त्याच्या वंशाबद्दल लिहितो. इथे खरी मजा आहे.

आधी एक रीत सांगतो. रेसिंगमध्ये एका बापाच्या पिल्लांना सावत्र भाऊ म्हणत नाहीत. सावत्र म्हणजे एकाच आईचे. घोडी वर्षाला एकच शिंगरू देते, घोड्याची एका हंगामात तेव्हा चाळीसेक आणि आता शंभर-दीडशेही होतात, मग बापाकडून नातं मोजलं तर सगळा गावच भाऊ निघेल. म्हणून तुमच्या आजोबांचं "आयशीला बघ" हे नुसतं शहाणपण नाही, त्या धंद्याचा हिशेबच तसा आहे.

आता बाप. निआर्को १९३५चा, इटलीत फेदेरिको तेसिओ यांनी पैदा केलेला. चौदा वेळा धावला, चौदाही जिंकला. नंतर ६०,००० पौंडांना विकला जाऊन न्यूमार्केटला आला. युद्धात बॉम्ब पडायचे म्हणून त्याच्यासाठी वेगळं बॉम्बनिवारा घर बांधलं होतं. तिथेच त्याच्यापासून नसरुल्ला झाला, सयाजीराव झाला. नसरुल्लाचा मुलगा बोल्ड रूलर, बोल्ड रूलरचा मुलगा सेक्रेटेरियट. म्हणजे सेक्रेटेरियट निआर्कोचा पणतू. १९७३ला त्यानं अमेरिकेची, केंटकी डर्बी धरून तिन्ही शर्यतींची, ट्रिपल क्राउन जिंकली, शेवटची बेलमाँट तर ३१ लेंथनी, दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत. ती वेळ अजून कुणाला मोडता आलेली नाही. त्याची चित्रफीत बघाच. शेवटच्या सरळ पट्ट्यात जॉकी मान वळवून बघतो, मागे कुणीच नाही.

आणि आता सयाजीरावाची फांदी. त्याचा मुलगा इंडियाना. १९६४ला डर्बीत दुसरा आला आणि सेंट लेजर जिंकला, बापाचीच शर्यत. पुढे इंडियाना जपानला गेला. त्याचा मुलगा टेक होप यानं जपानची डर्बी जिंकली, हायसेइको नावाच्या घोड्याला मागे टाकून. हायसेइको म्हणजे तेव्हा सगळ्या जपानचा लाडका. आणि वर्ष कुठलं? १९७३च. निआर्कोचे दोन पणतू, एक नसरुल्लाकडून, एक सयाजीरावाकडून, एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना डर्बी जिंकले. हे जुळलं तेव्हा मी एकटाच खोलीत उठून उभा राहिलो होतो.


पोफळी

अंगावर काटा आला. मुली नाही का झाल्या त्याला? सगळी मुलांचीच नावं येतायत.


महालक्ष्मी_गेट_२

बरोब्बर पकडलंत. मुलीचं नाव मागे ठेवलं होतं. ग्लॅडनेस. आयर्लंडची घोडी, ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन. १९५८ला तिनं अॅस्कॉट गोल्ड कप जिंकला, अडीच मैलांची शर्यत, ती बहुधा नर घोडेच जिंकतात. त्याच वर्षी गुडवुड कप आणि एबोर या शर्यतीही. जॉकी लेस्टर पिगॉट, तेव्हा वय बावीस. दोन वर्षांनी पिगॉटचं लग्न झालं ते सॅम आर्मस्ट्राँगच्या मुलीशी. म्हणजे सयाजीरावाला ज्यानं तयार केलं त्याचा जावई सयाजीरावाच्या मुलीवर बसून जिंकला. ग्लॅडनेसची मुलगी मेरी मेट, तिनं १९६६ची आयरिश ओक्स जिंकली, ती फक्त घोडींची शर्यत. आयर्लंडमधल्या करागच्या मैदानावर ग्लॅडनेसच्या नावाची शर्यत दरवर्षी होते.

महाराजांनी आर्मस्ट्राँगसाठी न्यूमार्केटला वॉरेन प्लेस नावाचा तबेला घेतला होता. संस्थान गेलं, तबेला विकला. पुढे तिथे नोएल मर्लेस आणि मग त्यांचा जावई हेन्री सेसिल. सेसिलनी त्याच आवारात फ्रँकेलला तयार केलं. २०१० ते २०१२, चौदा शर्यती, चौदा विजय. निआर्कोएवढ्याच. फ्रँकेलची बापाकडची साखळी मागे नेली तर गॅलिलिओ, सॅडलर्स वेल्स, नॉर्दर्न डान्सर, निआर्क्टिक आणि मग निआर्को. बडोद्याच्या पैशानं घेतलेल्या आवारात निआर्कोचाच वंशज साठ-पासष्ट वर्षांनी तसाच अजिंक्य राहिला. आयर्लंडमध्ये न्यूब्रिजजवळ बडोदा स्टड नावाचा स्टड फार्म, म्हणजे घोड्यांचं पैदासकेंद्र, तर अजून आहे.


जनावरांचा डॉक्टर

रायगड जिल्ह्यात वीस वर्षं गाई, म्हशी, शेळ्या बघतोय. घोडे थोडे, पण किनाऱ्यावर पर्यटकांसाठी ठेवलेले येतात.

पैदाशीबद्दल थोडं. थरोब्रेडमध्ये, म्हणजे या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही. गाईला आपण नळकांडीतून आणलेली कांडी वापरतो, तसं इथे केलं तर पिल्लाची स्टडबुकात, म्हणजे वंशावळीच्या पुस्तकात, नोंदच होत नाही. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आणावी लागतात. गाभणकाळ अकरा महिने. आणि उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारी धरतात, खरा जन्म कधीही असो. त्यामुळे सगळ्यांची धडपड जानेवारी-फेब्रुवारीत वीण व्हावी. एप्रिलचं शिंगरू कागदावर जानेवारीच्या शिंगराएवढंच, पण अंगानं तीन महिने लहान. भारतातली नोंद पुण्यात होते. आपल्या राज्यातले स्टड फार्मही घाटावरच, पुण्याच्या आसपास. आपल्या कोकणात चार महिने चिखल, खूर कुजतात, घोडा टिकत नाही.

आणि मूळ? आजचे सगळे थरोब्रेड बापाकडून तीन घोड्यांपर्यंत पोचतात. आपल्या भाषेत तीन मूळपुरुष. त्यातला डार्ली अरेबियन हा १७०४मध्ये सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडला नेला. आज जवळजवळ सगळे त्याच्याच शाखेचे. त्याचा खापरपणतू एक्लिप्स, १७६४च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून ते नाव. अठरा शर्यती, एकही हार नाही. १७८९ला पोटशूळानं गेला. सांगाडा लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जपून ठेवलाय.

पोटशूळावरून आठवलं ते लिहितोच. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात एका किनाऱ्यावरून रात्री फोन आला. घोडी लोळतेय, उठत नाही. गेलो तर समोर थरोब्रेड. लांब मान, बारीक हाडं, पातळ कातडी, पाठीवर रंगीत गोंड्यांचं खोगीर. पुढच्या डाव्या पायाची मागची शीर धनुष्यासारखी बाहेर आलेली, म्हणजे रेसमध्ये फाटून कधीतरी भरलेली. पेंढा वाळूवरच टाकायचे. हातमोज्यात तिची लीद घेतली, पाणी ओतलं, मोजा उलटा धरून दोन मिनिटं थांबलो. बोटांच्या टोकांत पाव इंच वाळू बसली. आतड्यात किती असेल विचार करा. नळीनं पोटात तेल सोडलं, सलाईन लावलं, पहाटे पाच वाजता तिनं लीद टाकली आणि मी तिथेच ओल्या वाळूत बसलो. मालक वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की खाणं टोपलीत द्यायचं. तिचं रेसमधलं नाव त्याला माहीत नव्हतं. ज्यानं विकली त्यानं कागद दिले नव्हते.

तिचीही आई, आजी, पणजी कुठल्यातरी पुस्तकात लिहिलेली आहे. अकरा पिढ्या सहज निघाल्या असत्या.


विश्वामित्रीकाठ

डॉक्टर, ती जगली ना?


जनावरांचा डॉक्टर

जगली. आता तिचं खाणं टायरच्या टोपलीत देतात. मी त्या बाजूला गेलो की बघून येतो.


चेऊल_बंदर

धागा चौलचा आहे म्हणून जुनी एक गोष्ट. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी आपल्या चौलला उतरला. बरोबर काय आणलं? विकायला एक घोडा. त्या काळी चौल आणि दाभोळ ही घोड्यांची बंदरं, अरबस्तान-इराणकडचे घोडे जहाजानं इथे उतरायचे आणि घाट चढून बहमनी लष्कराला जायचे. निकितिनचा घोडा जुन्नरच्या खानानं काढून घेतला, धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. शेवटी कसाबसा परत मिळाला. रेवदंड्याला जाताना खाडी दिसते ना, त्या वाटेनंच कुठेतरी तो उतरला असेल. डॉक्टरांनी लिहिलेला डार्ली अरेबियन आणि आपल्याकडे उतरलेले घोडे एकाच वाळवंटाकडचे. एक वायव्येला गेला, बाकीचे आपल्याकडे.


आगरातला

हे मला माहीतच नव्हतं. चौलातच राहून. खूप धन्यवाद. उद्या मुलाला घेऊन खाडीवर जातो आणि सांगतो.


तांबडी माती

डॉक्टरांचा वाचून माज्या आज्याची याद इली. फुरसा चावल्यान तेका, ८७ साली. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन दिल्यानी म्हणान वाचलो. ता औषध घोड्यापासून करतत ना हो?


जनावरांचा डॉक्टर

हो. घोड्याला विषाचा अगदी थोडा डोस, मग जरा जास्त, असं महिनोन् महिने देतात. त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. रक्त काढून लाल पेशी परत घोड्याला देतात आणि वरच्या पाण्यापासून औषध करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारींवर एकच चालतं. परळची हाफकिन संस्था फार वर्षं हे करत आली. पूनावाला घराण्याचा स्टड फार्म १९४६चा, तिथले रेस संपलेले घोडे हाफकिनला सिरमसाठी दिले जायचे, त्यातूनच १९६६ला त्यांनी पुण्यात लसींचा कारखाना काढला. कोकणात फुरशानं चावलेला आणि त्या इंजेक्शननं वाचलेला प्रत्येक माणूस कुठल्यातरी घोड्याचं रक्त अंगात घेऊन फिरला आहे.

आगरातला, एक विनंती. नालेचा फोटो टाकाल? दोन्ही बाजूंनी.


आगरातला

टाकलाय. वाण्याच्या तराजूवर वजनही केलं, शंभर ग्रॅमच्या आसपास भरली.


जनावरांचा डॉक्टर

ही पुढच्या पायाची. पुढची नाल गोल असते, मागच्या पायाची लांबट, टोकाला निमुळती. झीज टोकाला आहे, म्हणजे जोरात पळालेल्या घोड्याची. आणि हे बघा, फोटोत उजवीकडच्या दोन भोकांत खिळे अजून आहेत. सुताराचे नव्हेत ते. नालबंदाचे खिळे चपटे असतात, डोकं पाचरीसारखं, खाचेत बरोबर बसणारं. चौकटीवर ही नाल कशानं ठोकली होती?


आगरातला

आत्ता जाऊन बघितलं. त्याच दोन खिळ्यांनी. लाकडात शिरलेली टोकं कातरलेली आहेत, एकाला थोडा बाक आहे. आजोबांनी नाल काढताना खिळेही जपून आणले होते आणि तेच वापरले.

रंग परवा वाळला. सुतार नवे स्क्रू घेऊन आला होता, त्याला नको म्हटलं. जुन्याच भोकांत तेच खिळे लाकडी हातोडीनं हळूहळू बसवले. मुलगा खाली स्टुलाला धरून उभा होता. विचारत होता, सयाजीराव कितीनं जिंकला. मी हात दाखवला.